जोडीची शिट्टी

"बुडणारं माणूस ओरडत नाही, टेसा. लांबून बघशील तर मजेत आहे असंच वाटेल," व्हर्नने तिला बजावलं होतं. "हो हो, माहितीये," म्हणून तिने ते उडवून लावलं होतं. लेक ऑड्री झाल्यापासून बुडण्याबद्दल छापलेलं एकही अक्षर तिने सोडलं नव्हतं. गावच्या खेळ-करमणूक अधिकाऱ्याने तिला वेगळं काय सांगायचं?

आता त्याच व्हर्नच्या शोकसभेत, गावच्या पोहण्याच्या तलावाकाठी, ती लिंबू सरबताच्या टेबलामागे घाम पुसत उभी होती. गेला तरी या माणसाने कामाला जुंपणं सोडलं नव्हतं. "व्हर्न असता तर म्हणाला असता, टेसाला सांगा," असं कुणीतरी फोनवर म्हटलं की झालं. एकदा ती फक्त पोहण्याच्या वर्गाची वेळ विचारायला त्याच्या ऑफिसात गेली होती. बाहेर पडली ती ईस्टरला पोरांसाठी लपवलेली अंडी शोधण्याच्या खेळाची प्रमुख होऊन.

"व्हर्नने आपला प्रत्येक शनिवार या गावाला दिला," नगराध्यक्ष डेल माइकवरून सांगत होते.

"आणि आमचाही," टेसा पुटपुटली. बर्फ फोडणारी रोबर्टा फसकन हसली आणि मग इकडेतिकडे बघत गप्प झाली.

व्हर्नची बायको ग्लेनिस मात्र एका जागी बसायला तयार नव्हती. व्हर्न गेल्यावर लोकांनी घरी आणून दिलेल्या जेवणाची रिकामी भांडी घासूनपुसून ती पेटीत भरून घेऊन आली होती आणि ज्याचं त्याला परत करत फिरत होती. "काही लागलं तर सांग हं," प्रत्येक जण म्हणत होता. "सांगते की," ती हसून म्हणत होती.

टेसाचं काचेचं भांडं तिने टेबलावर ठेवलं. "मक्याचं फार छान झालं होतं गं. चाटूनपुसून संपवलं."

टेसाने चिकन आणि शेवया घालून केलं होतं. पण तेवढ्यात कुणीतरी सरबत सांडलं आणि "काही लागलं तर सांग," एवढंच तिच्या तोंडून निघालं. तिसऱ्यांदा.

"कणखर आहे हो बाई," रोबर्टा म्हणाली. "मी असते तर अंथरुणातून उठले नसते."

पोरं कपड्यांच्या आत पोहण्याचे कपडे घालूनच आली होती आणि भाषणं संपण्याची वाट बघत चुळबुळत होती. शेवटी डेलनी खिशातून व्हर्नची पितळी शिट्टी काढली. "आता जोडीची शिट्टी. मग उड्या मारा!"

या शिट्टीवर सगळं गाव वाढलं होतं. ती वाजली की ज्याने त्याने आपल्या जोडीदाराचा हात धरून वर करायचा. एक जरी हात एकटा दिसला, तर सगळा तलाव रिकामा करायचा आणि जोडी सापडेपर्यंत कुणीही पाण्यात उतरायचं नाही. एकदा एक पोरगं न सांगता लघवीला गेलं, तर व्हर्नने सगळ्यांना काठावर कुडकुडत उभं केलं होतं. "काय हट्टी म्हातारा आहे," टेसा तेव्हा मोठ्याने म्हणाली होती. त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

शिट्टी वाजली. मोठी माणसंसुद्धा सवयीने वळली. बँकवाल्याने पाद्र्याचा हात धरला, रोबर्टाने नवऱ्याचा, टेसाने ऑड्रीचा. हातच हात वर झाले. कुणी हसलं, कुणी नाक पुसलं. टाळ्या झाल्या, हात खाली आले आणि पोरांनी धडाधड पाण्यात उड्या टाकल्या.

"आई, हात दुखतोय," ऑड्री कुरकुरली.

टेसाचा हात अजून वरच होता. फाटकाजवळ, भांड्यांच्या पेटीपाशी, ग्लेनिसचाही. तिचा एकटीचा. ती डेलकडे बघून हसत होती.

"बाहेर!" टेसा ओरडली. "सगळे पाण्याबाहेर!"

डेल दचकले. "टेसा, अगं, काय झालं? कोण बुडतंय?"

"एक हात एकटा आहे. दिसत नाही का तुम्हाला?"

त्यांनी तिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "ती मोठी बाई आहे, टेसा. आपण इथे पोरांना..."

"व्हर्नने कधी वय विचारलं होतं का? बाहेर काढा म्हणते ना सगळ्यांना!"

डेलनी सुस्कारा टाकला आणि शिट्टी वाजवली. पोरं ओठ फुगवत, टपटप गळत काठावर येऊन उभी राहिली. सगळं गाव वैतागून टेसाकडे बघत होतं. ऑड्रीला ओढत ती त्या गर्दीतून फाटकापाशी गेली आणि ग्लेनिसचा वर केलेला हात तिने धरला. हात बर्फासारखा गार होता. भर ऑगस्टच्या उन्हात.

"मी ठीक आहे गं," ग्लेनिस हसत म्हणाली. "उगाच पोरांचा खोळंबा."

"चिकन होतं."

"काय?"

"माझ्या भांड्यात. मका नव्हता, चिकन होतं. कधीपासून जेवली नाहीस तू?"

ग्लेनिसचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, काढायचं कसं ते विसरल्यासारखं. तिने टेसाचा हात असा आवळला की टेसाची बोटं दुखली. मागे पोरं कुडकुडत उभी होती, पण पाण्यात कुणी उतरलं नाही.

तुम्हालाही कुणी असंच घासूनपुसून भांडं परत दिलं असेल, तर फोन करू नका. जा आणि त्यात काय होतं तेवढं विचारून या.