साऱ्या दुनियेची गॅरंटी

समजा, तुम्ही दहा वर्षांचे आहात. आत्याने तुमचं मनगट धरलं आहे, समोर दुकानाची पायरी आहे, आणि तिने बजावलं आहे, "आत गेल्यावर एक अक्षर बोलायचं नाही. काहीही कानावर पडलं तरी." पोटातलं बोलणं पोटातच ठेवणं किती जड जातं ते आठवून बघा, म्हणजे त्या दिवशी दुर्गाची काय गत झाली ते कळेल.

दुकान ग्वाल्हेरच्या पडाव भागातलं, सूर्याजीरावांचं. घड्याळं, रेडिओ, टाइपरायटर असा विलायती माल ते मुंबईहून आणून विकत. आत्ता एक हिरवा टाइपरायटर पुढे ठेवून ते कृष्णराव वकिलांना सांगत होते, "कंपनीची गॅरंटी आहे, साहेब. साऱ्या दुनियेत चालते. लंडनला न्या, नाहीतर मुरैन्याला न्या!"

दुर्गाची आत्या, मंदाताई, पुढे झाली. "सूर्याजीराव, मी माधवगंजातल्या महिपतरावांची मुलगी. तुमच्याकडचा हाच टाइपरायटर. कागदाचा गाडा अडकून बसलाय, सरकतच नाही."

"महिपतरावांची? अहो, आपल्या दोघांचे वडील एका पलटणीत! बसा, बसा. दसऱ्याच्या सुमारास नेलंत ना? पेटी मीच बांधून दिली होती."

"लक्षात आहे तुमच्या?"

"आपल्या माणसाला विसरेन होय?"

दुर्गाने तोंड उघडलं. मनगटावरची पकड आवळली. तिने तोंड मिटलं.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांची रीतच होती ती. आपल्या माणसाच्या दुकानात खोदून विचारायचं नाही. "सूर्याजीला गॅरंटीबद्दल विचारायचं?" दुर्गाचे बाबा कालच म्हणाले होते. "उद्या गणपतीत त्याला तोंड कसं दाखवू?"

पण मंदाताईला तोंड दाखवण्यापेक्षा पोट भरण्याची काळजी होती. सासर सुटलं होतं. भावाच्या घरी आयतं बसून खाणार नाही, हा तिचा हट्ट. नव्या प्रांताची राजधानी भोपाळ ठरल्यापासून ग्वाल्हेरच्या कचेऱ्यांची कपाटं रेल्वेत चढत होती, आणि जो तो बदलीचे नाहीतर पेन्शनीचे अर्ज टाइप करून घ्यायला धावत होता. टायपिंग ती शिकली होती. मशीन चाललं तर ती आपल्या पायावर उभी राहणार होती. बंद पडलं, तर पुन्हा भावाच्या ताटात.

"मग गॅरंटीवर दुरुस्त करून द्या," ती म्हणाली.

सूर्याजीरावांचा आवाज खाली आला. "कसं आहे ताई, गॅरंटी कंपनीची. माझी नव्हे. कंपनीने हा माल विकला सिंगापुरात. तिथून तो मुंबईला आला, मुंबईहून माझ्याकडे. जिथे विकला तिथेच ती दुरुस्त करणार."

"म्हणजे मी सिंगापूरला जाऊ?"

"तुम्ही कशाला? मशीन पाठवा की, बोटीने."

"मुंबईत कंपनीचा एजंट असेल ना?"

"आहे. पण मशीनवरचा नंबर बघतो. त्याने विकलेलं नसेल तर हात लावत नाही."

"आत्ताच तर म्हणालात, सारी दुनिया!"

सूर्याजीराव हसले. "दुनिया कुठे एका जागी राहते, ताई? काल संस्थान होतं, मग मध्य भारत झाला, आता मध्य प्रदेश. इथे राजेमहाराजांचा शब्द उरला नाही, तिथे कंपनीचं काय घेऊन बसलात!"

"संस्थान गेलं, राजधानी गेली. तुमचं दुकान तर जागच्या जागी आहे ना? लोक कंपनीचं तोंड बघून मशीन नेत नाहीत, तुमचं बघून नेतात. मग शब्दही तुमचाच."

"आवाज चढवू नका."

"चढवणार."

"बाईच्या हातात मशीन गेलं की हे असंच. आपटलं असणार कुठेतरी."

"बघितलंत का तुम्ही आपटताना? पेटी बांधून दिल्याचं आठवतं, तसं?"

दुर्गाला आता राहवेना. तिने ओठ दातांखाली धरले.

मंदाताई काउंटरला टेकून उभी राहिली, दोन्ही हात लाकडावर. "ठीक आहे. मग एवढंच करा. यापुढे प्रत्येक गिऱ्हाइकाला आधीच सांगा, की गॅरंटी सिंगापुरात, ग्वाल्हेरात नाही. सांगाल?"

"धंदा कसा करायचा ते तुम्ही शिकवणार मला?"

कृष्णराव वकिलांनी हिरवा टाइपरायटर हळूच मागे सरकवला. "सूर्याजीराव, मी जरा विचार करून येतो," म्हणाले, आणि जोडे घालून निघाले.

सूर्याजीराव लाल झाले. "घालवलंत ना गिऱ्हाईक! आपल्याच माणसाचं नुकसान करताना लाज नाही वाटली?"

"तुम्हाला वाटली?" मंदाताई म्हणाली, आणि दुर्गाचं मनगट धरून पायरी उतरली.

रस्त्यावर स्टेशनाकडचे टांगे उभे होते. मंदाताईच्या कपाळावर घाम होता, पण मान ताठ होती.

"आत्या, आता बोलू?"

"बोल."

"आपण मशीन घेतलं कधी?"

"कुठे घेतलंय अजून?" मंदाताईने पदराने कपाळ पुसलं. "घ्यायच्या आधी बिघडवून बघत होते."

दुर्गाने रस्त्यापलीकडच्या टाइपरायटरच्या दुसऱ्या दुकानाकडे पाहिलं, आत्याच्या हातातून मनगट सोडवून घेतलं, धावत जाऊन पायऱ्या चढली आणि तोंड रडवेलं करून आतल्या शेटजींना म्हणाली, "चाचाजी, आपके यहाँ की मशीन बिगड़ गई!"