मुद्रितशोधन

शेवटच्या वर्षी बाबांचा हात थरथरायला लागला, तेव्हा मुलांच्या गणित-संगणक कार्यशाळेच्या त्यांच्या कृतिपत्रिका मी टाइप करू लागले. प्रत्येकीत एक तरी चूक असायचीच. कुठे कागदी पट्टीचं माप चुकलेलं, कुठे प्रोग्रॅममधल्या दोन ओळी उलटसुलट. वयच झालं होतं. मुलांपुढे त्यांची शोभा नको म्हणून मी त्यांना न सांगता दुरुस्त करून टाकायचे.

ते गेल्यानंतरची पहिली कार्यशाळा मी घेतली. अर्धा तास झाला तरी मुलं कागदात डोकं घालून बसलेली.

"कुठे अडलंय?"

"अडलं नाही, ताई. चूक शोधतोय," पुढची मुलगी म्हणाली. "सर प्रत्येक कागदात एक मुद्दाम ठेवायचे. ज्याला सापडेल त्याने फळ्यापाशी जाऊन सरांना शिकवायचं."

मी हातातली कृतिपत्रिका टेबलावर ठेवली.

"गेल्या वर्षी मात्र सापडेचना. आम्ही चिडवायचो, सर, ठेवायलाच विसरलात ना? ते भिंग घेऊन कागद पुन्हा पुन्हा बघायचे. एकदा म्हणाले, ठेवल्यासारखं आठवतंय, पण आता माझं मलाच खरं वाटत नाही. पुढच्या रविवारपासून ते आलेच नाहीत."