झाबुतोनचं यकृत

डॉक्टर ओरितोबाईंनी मेलेल्या पाकट माशाच्या पांढऱ्या पोटावर सुरी टेकवली. हामासाकींनी मान फिरवली नाही. आपलं पाप आपणच बघावं, असं ठरवूनच ते आले होते.

जन्मभर त्यांनी या मत्स्यालयात मासे सांभाळले. त्यातली ही लाडकी. बसायच्या गादीसारखी चौकोनी, म्हणून नावही झाबुतोन, म्हणजे गादीच. ते निवृत्त झाले, पाठोपाठ बायको गेली, आणि एक दिवस मिनेगिशीचा फोन आला. त्यांच्या हाताखाली शिकलेली ही मुलगी आता हौदांचं सगळं बघे. झाबुतोन दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नाही, दुपारी तेवढं भरवून जा, म्हणाली. हामासाकी रोज येऊ लागले. झाबुतोनला कोळंबी भरवत, मग मिनेगिशी सोडतच नसे म्हणून तिच्यासोबत भात आणि मिसोचं सूप घेत. आपल्यावाचून पाकटाचं अडतं, हे गल्लीभर सांगून झालं होतं.

मग न्यूमोनिया झाला आणि ते महिनाभर इस्पितळात अडकले. सुटून आले तर झाबुतोन गेलेली. उपाशीच मेली असणार, दुसरं काय.

उपाशी पाकटाचं यकृत आक्रसतं, काळपट पडतं. तेवढंच बघायला ते उभे होते.

पोट उघडलं. यकृत चांगलं ऐसपैस पसरलेलं, फिकट, तुकतुकीत. डॉक्टरबाईंची बोटं तेलाने माखली. जठरात कोळंबीही निघाली. म्हातारपणाने गेली, बाई म्हणाल्या, खाऊनपिऊन सुखात गेली.

हामासाकींच्या छातीवरचा धोंडा उतरला. मग ते हळूच वळले.

"महिनाभर हिला कोण भरवत होतं गं?"

"मीच." मिनेगिशी खाली बघत म्हणाली. "कुणाच्याही हातचं हादडायची ती, हामासाकीसान. काकू गेल्यावर जेवण तुम्ही सोडलं होतंत."

त्यांना राग आला, आणि रागापेक्षा रडू जास्त आलं. झाबुतोनच्या गार पंखावर ते हात फिरवत राहिले.

"म्हणजे आता माझं इथे काही काम नाही," शेवटी ते म्हणाले.

काचेपलीकडच्या हौदात दोन तरुण पाकटं डोकी पाण्याबाहेर काढून खायला मागत होती. मिनेगिशीने तिकडे बोट दाखवलं.

"ती दोघं कालपासून कशाला तोंड लावत नाहीत."

हामासाकींनी हौदाकडे नीट बघून घेतलं.

"दिसतंय खरं," ते म्हणाले. "किती वाजता येऊ?"