रस्त्यात पूल लागतो का

"आत्या, तू घरीच थांब. आम्ही कुठं अडलो की तुला फोन लावू. तू आमचं टेलिफोन एक्स्चेंज."

पुतण्या हे हसत म्हणाला आणि त्याच्या घरच्या टेबलाभोवतीचे सगळे हसले. आत्या हसली नाही. तिची नजर दाराकडे गेली. तिथं चपलांच्या गर्दीत तिचे कॅनव्हासचे नवे बूट होते. या प्रवासासाठीच घेतलेले. दीड महिना ती रोज सकाळी ते घालून आपल्या घराचे दोन जिने चढत-उतरत होती. गुडघे आधी कुरकुरले, मग नाइलाजानं गप्प बसले.

टेबलावर कुळाचा तक्ता पसरला होता, चादरीएवढा. सहा पिढ्या. तुटक्या बोटाचे पणजोबा, दोनदा घरातून पळालेले आणि दोनदा भुकेनं परतलेले चुलत आजोबा, लेकरांना उखाणे घालत कामं उरकणारी खापरपणजी. दोन महिने दर रविवारी पुतण्या फोन करायचा, आत्या सांगायची आणि तो रेकॉर्ड करायचा. नावं तिच्या तोंडून अशी यायची, जशी ओंजळीतून फुलं सुटावीत. तक्त्याच्या तळाशी छापलं होतं : संशोधन. पुढं पुतण्याचं नाव.

शुक्रवारी निघायचं होतं. चार दिवस, पूर्वजांची तीन गावं. गाडीत पुढं पुतण्या आणि त्याचे वडील, म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ. मागं सून, फोटो काढणारा एक मित्र आणि आकाशातून चित्रं घेणाऱ्या यंत्राचा डबा. डबा नाजूक होता, त्याला पट्टा लावावा लागणार होता.

आत्यानं विचारलं, डबा मी मांडीवर घेतला तर? सून समजुतीनं म्हणाली, आत्याबाई, तुमचे गुडघे. भावानं त्यात रस्त्यावरच्या बाथरुमांची भर घातली. मित्र बिचारा डब्याकडे पाहत राहिला.

"चौतीस वर्षं मी टेलिफोन खात्यात लोकांची बोलणी जुळवून दिली," आत्या म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट सपाट झाला. "कुणाला लेक झाली, कुणाचा बाप गेला. एकाही बोलण्यात मी नव्हते. लाइन जोडली की मध्ये बोलायचं नाही, असा नियमच होता. पण तो खात्याचा होता रे. घराचा कधी झाला?"

मग भाऊ म्हणाला, "ताई, तू उगाच मनाला लावून घेतेस."

उगाच. तिनं तो शब्द गिळला. मग जुन्या सवयीनं पुतण्याला म्हणाली, ठीक आहे, रस्ता एकदा वाचून दाखव. जोडण्याआधी नंबर परत म्हणून घ्यायचा, ही तिची शिस्त.

त्यानं वाचलं. पहिलं गाव आजोबांचं. दुसरं गाव आजीचं, म्हणजे आत्याच्या आईचं.

आई अकराव्या वर्षी ते गाव सोडून आली ती परत गेलीच नाही. पण रोज मुलांना थोपटताना ती त्या गावाला जाऊन यायची :

पूल ओलांड, थांब जरा, डाव्या हाती वळ गं,
विहीर पहिली, ओटा दुसरा, तिसरं दार आपलं गं.

भाऊ पहिल्या ओळीलाच झोपायचा. ताई जागी असायची, त्या तिसऱ्या दारापर्यंत. एका रविवारी तिनं हे पुतण्याला म्हणूनही दाखवलं होतं. तो म्हणाला होता, गाणी नंतर गं, आधी ठिकाण सांग. ते रेकॉर्डिंग त्यानं 'इतर' नावाच्या फोल्डरमध्ये टाकलं होतं.

"या गावाच्या रस्त्यात पूल लागतो का?" आत्यानं विचारलं.

"एकही नाही," पुतण्या खुशीत म्हणाला. "सरळ हायवे. गाव अगदी रस्त्याला चिकटून आहे."

म्हणजे पुरानंतर वर आणून वसवलेलं ते नवं गाव. आई तिथून निघून आल्यावर कितीतरी वर्षांनी उभं राहिलेलं. पुतण्यानं त्याच्याभोवती लाल पेननं गोल केला होता. मित्रानं विचारलं, आजीचं घर सापडेल ना? भाऊ म्हणाला, सापडेल की, न सापडायला काय झालं? तिघं-चौघं एकदमच बोलू लागले. आत्याचे ओठ हलले.

मग मिटले. लाइन जोडलेली होती.

ती उठली. सुनेनं चहाचं विचारलं, तिनं मान हलवली. पुतण्या पाठीमागून म्हणाला, "आत्या, शुक्रवारपासून फोन तेवढा चालू ठेव हं."

तिनं पर्समधून फोन काढला आणि तक्त्यावर, बरोबर लाल गोलावर ठेवला.

"हा घे. चालूच आहे."

बूट घालायला तिला वेळ लागला. नाड्या तिनं घट्ट बांधल्या, दोन्ही गाठी पुन्हा ओढून पाहिल्या. तीन मजले ती कठड्याला हात न लावता उतरली. तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी ताई, ताई म्हणत होतं. त्या हाका जिन्यातून तिच्यामागं येत राहिल्या आणि खालच्या दाराशी संपल्या.

बसस्थानकावर तिकिटाच्या खिडकीत एक मुलगी होती, केसांत पेन खोचलेली. आत्यानं उद्या सकाळचं एक तिकीट मागितलं आणि गावाचं नाव सांगितलं.

"नवं गाव की जुनं?" मुलीनं विचारलं.

दोन महिन्यांत हे आत्याला कुणी विचारलं नव्हतं.

"जुनं."

"बस पुलापर्यंतच जाते, आजी. पुढं चालत जावं लागतं. सोबत आहे ना कुणी, रस्ता दाखवायला?"

"आहे," आत्या म्हणाली. "आई आहे."