ओ देणारं बटण

लातुरातल्या एका क्लासची वेबसाइट दहा वाजता सुरू व्हायची होती आणि ती बनवणाऱ्या यज्ञेशचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. शेवटची तपासणी सिंधुताईंकडे होती. त्यांना दिसत नव्हतं. संगणक पान वाचून दाखवी, त्या कीबोर्ड चालवत. अर्जातलं नाव, गुण, पत्ता झाला आणि शेवटी संगणक नुसताच म्हणाला, "बटण." "कशाचं रे?" "प्रवेशाचं, ताई! एवढं लालभडक आहे की!" ताई हसल्या. "किल्लारीच्या भूकंपात मी ढिगाऱ्याखाली होते. लोकांनी वरून हाका मारल्या, मी ओ दिली, तवा कुणीतरी ओरडलं, 'जित्ती हाय!' तुझं बटण ओ देतच न्हाई बाबा." दहाला पाचच मिनिटं होती. यज्ञेशनं घाईघाईनं बटणाला संगणक वाचू शकेल असं नाव दिलं. ताईंनी पुन्हा कळ दाबली. "बटण. प्रवेश अर्ज पाठवा," संगणक खणखणीत बोलला. ताईंच्या आधी यज्ञेशच ओरडला, "जित्तं हाय!"