नखाएवढा पतंग

सकाळी ओसरीच्या दिव्याखाली बसलेला नखाएवढा राखाडी पतंग ऑर्व्हल थिबोडोने डबीत घेतला, भिंगातून पाहिला आणि दमून खुर्चीत टेकला. इथल्या जंगलात असे दिसायला सारखेच कितीतरी. त्यात या बिचाऱ्याच्या पंखांवरची नक्षीही झडलेली.

"कुठला आहे, बाबा?" कोलेटने, त्याच्या लेकीने विचारलं. गाडीची किल्ली तिच्या हातातच होती.

"वरून नाही कळायचं. नक्की नाव सांगायचं तर पोट उघडून सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं."

"मग बघा ना! जन्मभर दुसरं केलंत काय? आईचा अख्खा फ्रिज पतंगांनी भरून टाकला होतात."

"केलं की. नावं कळली, पण त्यातला एकही पुन्हा उडाला नाही."

"बरं, उठा आता. उशीर होतोय."

ऑर्व्हलने डबीचं झाकण काढलं. पतंग काठावर जरासा थबकला आणि फरच्या झाडांकडे उडून गेला. तो दिसेनासा होईपर्यंत ऑर्व्हल बघत राहिला.

"दवाखान्यात फोन कर, पोरी," तो म्हणाला. "माझ्या पोटातल्या गाठीचं नाव नाही कळलं तरी चालेल म्हणावं."