किलोवर संत्री

माझा लेक नेव्हीतला कप्तान. अडुसष्ट साली त्याचं नाव दिल्लीच्या गुप्तचर खात्याच्या वरच्या खुर्चीसाठी निघालं. “माय, कोणाजवळ बोलली तं खुर्ची गेली समज,” त्यानं बजावलं. तेवढ्यात शेंदूरजनाघाटच्या आमच्या बागेत एक व्यापारी उगवला. “मावशी, संत्री किलोला कशी?” विचारतो, अन् नजर ओसरीतल्या लेकाच्या फोटोवर! “हे साहेब कुठं असतात? दोस्त कोण त्यांचे?” म्हटलं, “बापू, बागेत संत्री हजारानं विकतात, किलोनं नाही. तू व्यापारी नाही, दिल्लीचा चौकशीवाला. पाणी पे अन् नीघ.” महिन्यानं तोच माणूस येऊन पाया पडला. “मावशी, तुमचे चिरंजीव आमचे मुख्य झाले. पहिलाच हुकूम काढला, आईकडून संत्री शिकून या.” छाती पोलक्यात मावेना. तरी म्हटलं, “कोणते चिरंजीव बा? मले काही ठाऊक नाही,” अन् टोपलं त्याच्या डोक्यावर चढवलं.